पिवळ्या उजेडाला मिटलेले डोळे

आठवड्यातून तीन खेपा, अशा एकूण नऊ. आज आठवी. दोन बस बदलून, सासूबाईंचा हात धरून दवाखान्याच्या पायऱ्या चढले तेव्हा माझेच पाय बोलायला लागले होते.

त्यांच्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. समोरच्याचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. रोजचा अध्याय स्वतः वाचायचा हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. आता ओळीतला नेमका हवा तो शब्द गळतो. मी वाचून दाखवते, पण त्यांना ते उसनं वाटतं. डॉक्टर म्हणाले होते, "यंत्रातून मंद उजेड देऊन पाहू. आहे ती नजर टिकली तरी मिळवलं."

यंत्रावरच्या बाई आज बदलल्या होत्या. त्यांनी सासूबाईंची हनुवटी टेकवली, बटण दाबलं आणि लगेच थांबवलं.

"आजी, पिवळ्याला डोळे उघडे हवेत. लाल आला की मिटायचे."

"छे गं, मी पहिल्यापासून मिटूनच बसते. सूनबाईनंच सांगितलंय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आधीच्या बाई बटण दाबून पडद्यापलीकडे जात, त्यामुळे त्यांना हे दिसलं नव्हतं. पण पहिल्या दिवशी त्या सूचना देत होत्या, तेव्हा मी माळ ओढत होते. राहिलेला जप उरकायचा होता. सासूबाई घाबरून सारख्या विचारत होत्या, म्हणून मीच म्हटलं होतं, "आई, डोळे मिटून नाम घ्या, वेळ कळणार नाही."

"चूक माझी आहे," मी म्हटलं.

बाई डॉक्टरांना विचारून आल्या. "लाल उजेड मिळाला, पिवळा वाया गेला. पुन्हा पहिल्यापासून, नऊ वेळा; आजची पहिली धरायची. लांबवू नका म्हणाले."

"म्हणजे सात वेळा मी इथे नुसती डुलकी काढायला आले?" सासूबाई म्हणाल्या. "घरी पलंग होता की!"

मला हसू येईना. "आई, मला रागवा तरी."

"रागावायलाही दम लागतो बाई." त्यांनी चाचपत माझं मनगट धरलं. "पाय दुखतात ना तुझे?"

"दुखतात."

"माझेही. पण अध्याय मला माझ्या डोळ्यांनी वाचायचाय. पुढच्या तारखा सोमवारपासून घे."

मी तारखा लिहून घेतल्या आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले. पिवळा उजेड लागला.

"उघडे आहेत का?" त्यांनी विचारलं.

"आहेत. तसेच ठेवा."