बिनविरोध

मित्रांनो, पत्र्याला काही वाटत नाही म्हणतात. खरं असावं ते. मी एक जुनी मतपेटी आहे. माझा हिरवा रंग उडालाय आणि एवढं सगळं होऊनही मला फारसं काही वाटत नाही.

द्वारका चौकाजवळच्या आमच्या मोहल्ल्यात धान्याच्या कोठ्या करणाऱ्या एका कारागिराने मला घडवलं. डोक्यावर फट, पुढे कडीकुलूप. दर तीन वर्षांनी जमातीची कमिटी निवडली जाई आणि चिठ्ठ्या माझ्या पोटात पडत. मोठा रुबाब होता माझा! आपसांत मशवरा, म्हणजे सल्लामसलत, करून कारभार करा, असं कुराणातच सांगितलंय, असं इमामसाहेब जुम्म्याला समजावत. मला वाटे, तो मशवरा म्हणजे मीच.

एरवी मी शादीखान्याच्या ऑफिसात टीव्हीखाली असे. टीव्हीवर मंडळी घसा फोडून भांडत, इस्लामला लोकशाही मानवते का म्हणून. मग आमचे अध्यक्ष मुनीरभाई हसून मला थोपटत. "ही काय, समोरच आहे!"

पण आमच्याकडे एका घराचं एकच मत, तेही कर्त्या पुरुषाचं. हमीदाबींचे मियाँ वारले, तरी यादीत नाव त्यांचंच राहिलं आणि मत टाकायला पुतण्या येऊ लागला. मोहल्ल्यातल्या निम्म्या मुलींना हमीदाबींनीच लिहायला-वाचायला शिकवलं होतं. एक दिवस त्या ऑफिसच्या दारात उभ्या राहिल्या.

"मुनीरभाई, या खेपेला माझं मत मी टाकणार."

"तसा रिवाज नाही, आपा."

"इंडोनेशियात सगळे आपलेच लोक ना? तिथं बायका रांग लावून मत देतात. मग काय द्वारकेवरच रस्ता अडतो?"

इमामसाहेब म्हणाले, मनाई असल्याचं मला तरी कुठे सापडत नाही. मुनीरभाईंनी मान डोलावली. बायकांची नावं यादीत चढली, मला नवं कुलूप आलं. तेव्हा मी फुगले होते, कबूल करते.

मतदानाच्या आदल्या दिवशी चार बुजुर्ग चहाला बसले. उगाच चुरस कशाला, मोहल्ला फुटेल, असं ठरलं. समोरच्या उमेदवारांनी नावं मागे घेतली. जुनीच कमिटी बिनविरोध आली. "मशवऱ्याने झालं," मुनीरभाई म्हणाले. त्यानंतर तो शब्द कानावर पडला तरी माझ्यात काही हलत नाही.

निवडणूक होणार नाही, हे हमीदाबींना कुणी कळवलंच नाही. सकाळी त्या इस्त्रीचा बुरखा घालून आल्या. ऑफिसात मी आणि झाडणारी बाई, दोघीच. तिने त्यांना काय झालं ते सांगितलं. त्या रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. पर्समधून चिठ्ठी काढली, घडी घातली, माझ्या फटीत सोडली आणि गेल्या.

तेव्हापासून दोनदा कमिटी झाली, दोन्ही वेळा बिनविरोध. माझ्यावर पंख्याचं खोकं ठेवलंय. टीव्हीवर तोच वाद चालू असतो.

मित्रांनो, वापर नसला की पेटी गंजते. पण मला पुसू नका, रंगही देऊ नका. माझ्या पोटात एक मत आहे. हमीदाबी अजून समोरच्या गल्लीतच राहतात. त्या आहेत तोवर कुणीतरी हे कुलूप काढा आणि ते मोजा.