कारल्याच्या मांडवावरचा कोसा

मी कोसा बोलतोय, टसर रेशमाच्या पतंगाचं घर. अवंती परदेशातून शिकून मला शोधायला परत आली, तेव्हा तिच्या मनात जंगल होतं. उंच साजाची, म्हणजे ऐनाची झाडं, पायाखाली पाचोळा. मी भेटलो शहरातल्या रांझीत, फॅक्टरीच्या क्वार्टरमागे, तिच्या काकूच्या कारल्याच्या मांडवावर. शेजारी काकांची बनियन वाळत होती.

मला एका हिरव्या सुरवंटानं बांधलं. आधी त्यानं फांदीभोवती घट्ट कडं वळलं, कड्याला देठ काढला आणि देठाला मला लटकवलं. मग तो आत झोपला आणि मी उन्हाळाभर दार लावून राहिलो.

आमचं घराणं मोठं. शास्त्रज्ञ त्याला अँथेरिया म्हणतात. आसामात सोनेरी मुगा रेशीम विणणारे आमचे चुलत, हिमालयात ओकच्या पानांवर जगणारेही आमचेच. कोण कोणता, हे पंखांवरच्या गोल डोळ्यांवरून आणि आम्हा कोशांच्या बांधणीवरून ठरवतात. अवंतीला या घराण्याचा नकाशा करायचा होता. कोण कुठे राहतं ते दाखवणारा, एकेक ठिपका खरा असलेला. तिच्या नकाशात रांझी कोरी होती.

मला पाहून ती अनवाणीच अंगणात नाचली. फोटो काढून परदेशातल्या सरांना पाठवले आणि फोनवरच्या नकाशात रांझीवर लाल ठिपका टेकवला.

"काकू, लोक म्हणतात शहरातून हा संपला. हा तर इथंच आहे. फॅक्टरीच्या रस्त्यावरच्या अर्जुनाच्या झाडांवरून आला असणार, त्यांची पानं खातो हा."

"असंन बाई," बेबीकाकू म्हणाल्या. "पण सकाळपासून वेलाला हात लावू देऊन नाही राहिली. कारली काय वेलावरच पिकवू?"

रामकाका काकूंकडे बघून हसले. "कारल्यावरचं रेशीम आहे. नेसलीस तर बोलणं कडू होईल, अन् तुझं तर आधीच आहे."

संध्याकाळी ती भिंग घेऊन माझ्यापाशी बसली आणि तिचा चेहरा उतरला. माझं कडं वेलाभोवती नव्हतंच. ते मांडवाच्या वाळक्या काठीभोवती होतं.

"काका, ही काठी कुठली?"

"शहपुऱ्याची. बंडूच्या वावरातून आणली उन्हाळ्यात, मोटरसायकलला बांधून. काहून?"

"मग हा शहपुऱ्याचा. रांझीचा नाही."

"अच्छा. जिल्हा तर तोच आहे ना?"

"ठिपका खोटा होतो, काका. इथं कोणी राहत नाही म्हटलं की झाडं तोडतात. राहतं म्हटलं आणि ते खोटं निघालं, तर पुढचं खरंही कोणी ऐकत नाही."

तिनं ठिपका काढला, सरांना चूक कळवली आणि पिशवी भरायला घेतली. "सकाळच्या बसनं जंगलात जाते. इथं काही नाही."

"आत्ताच तर आलीस," काकू पुटपुटल्या.

त्याच रात्री माझ्या आत हालचाल झाली. माझं टोक ओलं झालं, मऊ पडलं आणि एक पिवळसर मादी चुरगळलेले पंख घेऊन बाहेर आली. तिला खायला तोंडच नसतं. काम एकच, साद घालायचं. ती साद म्हणजे एक वास, माणसाला न कळणारा. ती रात्रभर मला धरून बसली होती. मला वाटलं, स्कूटर आणि ट्यूबलाइटच्या या गर्दीत हिचं कोण ऐकणार?

सकाळी अवंती पिशवी खांद्याला लावून माझा निरोप घ्यायला आली आणि थबकली. पिवळीशेजारी एक तांबूस नर बसला होता. मिशा पिसांसारख्या, एक पंख कडेला फाटलेला.

"काका, याला तर तुम्ही नाही ना आणलं?"

"मी झोपलो होतो बाई. हा आपल्या पंखानं आलेला दिसते."

"चलो, लाव आता तुझी टिकली," काकू म्हणाल्या.

मी आता रिकामा आहे. वर एक भोक, आत फक्त वारा. मागणं एवढंच, मांडवासाठी काठी तोडाल तेव्हा तिच्यावर कोणाचं घर आहे का, ते एकदा बघा.

अवंतीचा हात फोनकडे गेला आणि थांबला. "नाही काकू. हाही कोणाच्या काठीवरूनच आला असेल तर?" तिनं पिशवी खाली ठेवली. "रस्त्यावरचा प्रत्येक अर्जुन बघते. जिवंत फांदीभोवती असं कडं दिसलं, तरच ठिपका."

"अन् नाही दिसलं तर?"

"तर पुढच्या वर्षी परत बघेन. मी इथंच राहते आहे."