अर्धा वाटा

शिंप्याच्या ताटातला मटणाचा मोठा तुकडा बायकोने काट्याने उचलला आणि आपल्या ताटात ठेवला.

"अगं, निदान वाफ तरी जाऊ दे त्याची!"

"ठरलंय ना आपलं? अर्धं तुमचं, अर्धं माझं."

ठरलं होतं खरं. छातीत कळ येऊन गेल्यापासून डॉक्टरांनी त्याचं लाल मांस जवळजवळ बंद केलं होतं. कधीमधी घ्या, तेही तळहाताएवढं. घरी बायकोचा पहारा कडक होता. पण इथे हॉटेलात सगळं मांडून ठेवलेलं, हवं तितकं वाढून घ्यायचं. सुट्टीतही पथ्यच पाळायचं तर घरी काय वाईट होतं, असं रडगाणं त्याने लावलं, तेव्हा कंटाळून तिने हा तह केला.

कापड बेतण्यात हयात गेलेला माणूस तो. दुसऱ्या दिवसापासून दुप्पट वाढून घेऊ लागला. अर्धं गेलं तरी हवं तेवढं उरतंच! या हुशारीवर तो भलताच खूश होता. तिला मात्र अन्न टाकवत नसे. मुलांचं उष्टं, कालचं उरलंसुरलं, घरात सगळं तीच संपवत आली होती. त्याच्या ताटातून उचललेलंही ती निमूट संपवायची.

दुपारी तळ्यावरून परतताना चढावर ती मागे राहिली. त्याने वळून पाहिलं तर ती बाकावर बसलेली, हात छातीवर.

"काय झालं गं?"

"काही नाही. चप्पल चावतेय."

चप्पल जुनी होती, पायात सैल झालेली. तो शेजारी बसून राहिला, तिची धाप ओसरेपर्यंत.

खोलीवर आल्यावर तिने निळा ड्रेस त्याच्यापुढे टाकला. "कडेला जरा उसवून द्या. रात्री घालायचाय."

सुईदोरा त्याच्याबरोबर सुट्टीवरही असायचाच. चष्मा लावून त्याने ड्रेस उलटा केला. शिवणीच्या आत थोडं जास्तीचं कापड तो नेहमी ठेवायचा. पुढे सैल करायला लागते ती माया. इथे ती उरलीच नव्हती. जुन्या शिवणींच्या रेघा एकाशेजारी एक दिसत होत्या, सगळ्या त्याच्याच हातच्या. त्याच्या पथ्यापाण्याच्या काळात, त्याच्या वाटचं ती संपवत असताना, त्याने तो पुन्हापुन्हा सैल करून दिला होता, आणि दर वेळी तिची थट्टाही केली होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"होतंय का?" तिने विचारलं.

"नाही होत. दुसरा घाल." मग ड्रेसची घडी घालत म्हणाला, "घरी गेल्यावर डॉक्टरांकडे जाऊ. या खेपेला तुला दाखवायला."

"मला काय धाड भरलीय?"

"नसेल तर उत्तमच."

रात्री जेवणाच्या दालनात तो ताट घेऊन आला, तेव्हा ती काटा सरसावून बसली होती. ताटात सूप, पाव आणि वाफवलेल्या भाज्या होत्या. तिने ताट निरखून पाहिलं.

"मटण संपलं?"

"आहे की. भरपूर आहे."

"पोट बिघडलंय का?"

"छे. नको वाटलं."

ती मांडलेल्या पदार्थांकडे बघत राहिली. काटा अजून हातातच होता. मग जरा लाजून, आवाज खाली आणून म्हणाली, "घ्या ना थोडंसं. सुट्टी तर आहे. अर्धं मी घेते ना."

तो तिच्याकडे बघतच राहिला. टाकायला नको म्हणून खाते, असं इतकी वर्षं तो धरून चालला होता. तिलाही आवडतं का, हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

"उद्या घेऊ," तो म्हणाला. "एकच तुकडा. तोही तुझ्या हाताने वाढ, दोघांत."

मग त्याने सुरीने गाजरं बरोबर मधोमध वेगळी केली आणि अर्धी तिच्या ताटात सरकवली.

"आणि हे?"

"ठरलंय ना आपलं?"

तिने एक गाजर तोंडात टाकलं आणि तोंड वाकडं केलं. पण संपवलं.