ओल्या गोणपाटांची दुपार

धुळ्यात महामार्गालगत रोहिदासभाऊंचं गॅरेज आहे. मित्रांनो, त्या गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खात बसलेला मी एक जुना जनरेटर आहे. माझी टाकी कोरडी आहे. माझी दोरी आता कोणी ओढत नाही.

माझे चांगले दिवस एका चालत्या घरात गेले. शालिग्रामनानांनी पस्तीस वर्षं बस चालवली. ते घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी मिनीबस घेतली. सीटा काढून आत पलंग, ओटा आणि कूलर बसवला. त्यांच्या पत्नी बेबाबाईंनी आयुष्यभर त्यांची वाट पाहिली होती. आता त्यांना सोबत घेऊन फिरायचं, एवढीच नानांची इच्छा होती. मला मागे, पलंगाच्या बरोबर खाली, एका लोखंडी पेटीत बसवलं.

रोहिदासभाऊंनी बजावलं, "नाना, याच्या धुरात विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. गाडी उभी केली की आधी वाकून बघायचं. धुराच्या नळीपुढे मोकळी हवा पाहिजे. आणि आत कोणी झोपणार असेल तर हा बंद म्हणजे बंद."

"वाकाले गुडघा कोठे शेत रे भाऊ मन्हा!" नाना म्हणाले.

बेबाबाई हसल्या. "ह्या देवपुढे वाकत नहीत, जनरेटरपुढे काय वाकतीन!"

पण नाना वाकायचे. तापीकाठी, सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथे थांबू तिथे गुडघ्यावर हात ठेवून माझ्या नळीकडे बघायचे. मी कधी अडखळलो नाही. बेबाबाई म्हणायच्या, "हाऊ मन्हा कामना गडी शे." कामाचा गडी म्हणवून घेत माझी दोन वर्षं अशी सुखात गेली.

मग तो मे महिना आला. आम्ही जळगावला मेहरूण तलावाजवळ थांबलो होतो. पत्रा तव्यासारखा तापला होता. बेबाबाईंचं डोकं ठणकत होतं. आपल्याकडे उन्हाळ्यात दारं-खिडक्यांना ओली गोणपाटं लावतात, तशी नानांनी ती गाडीच्या चारही बाजूंनी बांधली. खालून झळ येऊ नये म्हणून पार जमिनीपर्यंत सोडली आणि वर बादल्या ओतल्या. मग कूलर चालावा म्हणून गोणपाटातून हात घालून त्यांनी माझी दोरी ओढली. त्या दिवशी ते वाकले नाहीत. सगळं तर त्यांनीच झाकलं होतं; आता बघायचं काय, असं त्यांना वाटलं.

"पड जराशी. मी बरफ लई येस."

"डोकावर रुमाल बांधीसन जा!" आतून बेबाबाई म्हणाल्या.

पाव तासात येऊ, तेवढ्यात काय होतंय, असं नानांना वाटलं होतं. जवळचं दुकान बंद निघालं. ते पुढे गेले, तासभर लागला.

माझा धूर गोणपाटांत अडला. वाट मिळेना, तसा तो फळ्यांच्या फटीतून वर शिरू लागला. मला स्वतःहून बंद होता येत नाही. हाकही मारता येत नाही. ज्या गुणासाठी माझं कौतुक झालं होतं, तेच मी केलं. न अडखळता चालत राहिलो.

नाना आले. "बेबा, ऊठ व. बरफ वितळी राह्यना."

बर्फ बांधलेल्या फडक्यातून पाणी ठिबकत राहिलं. बेबाबाई उठल्या नाहीत.

लोक म्हणाले, "भंगारात घाला त्याला." नाना म्हणाले, "त्यान्ही काय चूक? गोणपाट मी बांधं." त्यांनी मला पेटीतून काढून इथे ठेवलं. कोणी गाडीसाठी जनरेटर न्यायला आला की नाना त्याला माझ्यापुढे उभं करतात, माझी नळी दाखवतात आणि त्या दुपारची हकिकत सांगतात. काही जण ऐकतात, काही जण घड्याळ बघतात.

मित्रांनो, माझा राग धरू नका. फक्त मला सुरू करण्याआधी एकदा वाका आणि माझ्या श्वासाला वाट आहे का ते बघा.

मिनीबस गॅरेजबाहेरच उभी असते. नाना रोज येतात, गुडघ्यावर हात ठेवून वाकतात आणि गाडीखाली बघतात. पेटी रिकामी आहे, हे त्यांना माहीत आहे. तरी ते वाकतात.