सिंटरक्लासची चाळणी

पाच डिसेंबरला, सिंटरक्लासच्या सणाच्या संध्याकाळी, हॉलंडमधल्या मेपेल गावच्या त्या घरात नऊ माणसं जमायची. चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्याच्यासाठी भेट आणायची आणि भेटीबरोबर त्याला चिमटे काढणारी एक कविता जोडायची. कविता सिंटरक्लासनेच, म्हणजे भेटी वाटणाऱ्या त्या संतानेच, लिहिली असं मानायचं, खरा कवी कोण ते विचारायचं नाही. पण हा नियम फेन्नामावशीला कोण सांगणार? कविता वाचून होते न होते तोच ती बोट रोखायची. "तीन तीन उद्गारचिन्हं! ही आमच्या ईनेकाचीच!" ईनेका म्हणजे तिची धाकटी बहीण, येल्मरची आई.

यंदा येल्मरने आधीच जाहीर केलं, "सगळ्यांनी कविता मला पाठवा. मी चाळून, छापून आणतो. मावशीला यंदा उपास."

"चाळून म्हणजे रे काय?" मावशीने डोळे बारीक केले.

"अगं, प्रोग्रॅममध्ये एक चौकटी कंस टाकायचा. त्यात लिहायचं, ए ते झेड आणि मोकळी जागा. कंसाच्या तोंडाशी एक छोटी टोपी ठेवली की अर्थ उलटतो. एवढं सोडून ओळीतलं बाकी सगळं बाहेर! तुझी टिंबं, आकडे, हसरे चेहरे, सगळं साफ."

"आणि कवी?"

"तोही साफ."

नोकरीत तो दिवसभर हेच करायचा, लोकांनी वेडेवाकडे टाइप केलेले पत्ते धुऊन काढायचा. त्यामुळे कुणाला शंका आली नाही. खरी गोम वेगळीच होती. चिठ्ठीत त्याला बेरेंडचं नाव आलं होतं.

बेरेंड हा त्याच्या आईचा दुसरा नवरा. येल्मर शाळकरी असताना तो या घरात आला, आणि पहिल्या दिवशी येल्मरने जी "बेरेंड" अशी हाक मारली ती आजतागायत तीच. त्यात राग नव्हता. पण आता पस्तिशीला टेकल्यावर दुसरी हाक मारू म्हटलं तर तोंडच उघडत नव्हतं. म्हणून त्याला सिंटरक्लासच्या आडून एकच वाक्य बेरेंडच्या कानावर घालायचं होतं. लोकांना वाटेल, आईने लिहिलं, आपण नामानिराळे. माणूस हुशार असला की आपल्या भित्रेपणालासुद्धा काय झकास यंत्र जोडतो!

पाच तारखेला चाळणीने काम चोख केलं, जरा जास्तच चोख. मावशीसाठी आलेल्या कवितेत "आमची फेन्ना झाली        वर्षांची" एवढंच उरलं.

"माझं वय कुणी खाल्लं?" मावशी भलतीच खूश झाली. "त्याला माझ्या नावाचं, सणाला मिळालेलं चॉकलेटचं अक्षर बक्षीस!"

इतरांच्या कवितांतही असेच खड्डे होते, कुठे दोन शब्द एकमेकांच्या गळ्यात पडलेले. वाचणारा अडखळायचा आणि बाकीचे पोट धरून हसायचे.

मग बेरेंडची पाळी आली. चष्मा सावरून तो खड्या आवाजात वाचू लागला.

"शेडमध्ये याच्या खिळ्यांची रास
न मोडलेलंही दुरुस्त करायचा ध्यास
घरात तो पोरगा बेरेंड म्हणतो"

इथे तो थांबला. पुढची ओळ त्याने आधी मनात वाचली, आणि मग हळू आवाजात सगळ्यांना वाचून दाखवली.

"बाहेर माझे वडील असं सांगतो"

सगळ्यांनी ईनेकाकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता? मी नाही लिहिलं," ती म्हणाली. कुणाचा विश्वास बसला नाही, आणि येल्मरचा जीव भांड्यात पडला.

पण मावशीने बेरेंडच्या हातातून कागद ओढून घेतला आणि ओळींवरून बोट फिरवलं. "एकही खड्डा नाही. कुठे काही चिकटलेलं नाही. म्हणजे चाळणीला यातून काढायला काही मिळालंच नाही." तिने मान वर केली. "चाळणीला काय चालतं ते आधीच ठाऊक असलेल्या माणसाने हे लिहिलंय. हो ना रे, येल्मर?"

येल्मरचे कान लालबुंद झाले. आपली ओळ चाळणीत बिघडू नये म्हणून त्याने मूळ कवितेत एक टिंबसुद्धा टाकलं नव्हतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

"खरं का?" बेरेंडने विचारलं.

आईने लिहिलं म्हणून सुटायची वाट अजून उघडी होती. पण समोर बेरेंडचा चेहरा इतका आशेने त्याच्याकडे लागला होता की त्याला खोटं बोलवेना.

"हो. मीच लिहिलंय."

बेरेंडने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पुलापाशी तो सायकलवाला आहे ना, त्याने मला मागेच सांगितलं होतं. म्हणाला, तुमचा मुलगा येऊन गेला, वडिलांच्या सायकलला चेन हवी म्हणत होता."

"मागे म्हणजे कधी?"

"झाली की बरीच वर्षं."

"मग मला बोलला का नाहीस?"

"भीती वाटली," बेरेंड म्हणाला. "वाटलं, मी विचारलं तर तू म्हणायचा थांबशील."