सोनूचा टाक

"जित्तीवर हात उचलताना कुणाला इचारलं न्हाई, आन मेलेलीवर हातोडी उचलायला नेम आडवा आला व्हय?"

तुळजाबाईनं हे विचारलं ते मान वर न करता. पुढ्यातल्या बागेसरीत, सोनाराच्या शेगडीत, निखारे फुलले होते, फुंकणी ओठांशी होती आणि चिमट्यात धरलेला चांदीचा तुकडा लालसर व्हायला लागला होता. दारात उभ्या द्वारकाबाईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. अंबडहून वाटूरपर्यंत गाडीचे हिसके खाऊन तिचं अंग आंबलं होतं. तिचा लेक भुजंग खाली बैलांपाशीच थांबला होता. सासूचा उंबरा चढायची त्याला हिंमत झाली नव्हती.

"नेम काय म्या केलाय, इहीणबाई?" द्वारकाबाई पदर सावरत म्हणाली. "ज्यानं मंगळसूत्र बांधलं त्यानं तिच्या टाकाला हत्यार लावायचं न्हाई, हे आपल्या सोनारांत पहिल्यापासून चालत आलंय. टाक माहेरच्या हातचाच लागतो. घनसावंगीच्या पुंजाराम सोनाराची पोरगी केलीय. हळद आठ दिसांवर आलीय."

"सोनूला जाऊन पाच महिने झाले फक्त. एवढी जल्दी?"

"मंग काय करावं? घरात कामाला माणूस न्हाई."

"बराबर हाय," तुळजाबाई म्हणाली. "कामाला माणूस लागतंच."

टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेली बोटभर मूर्ती. देव्हाऱ्यातले देव तसे घडवतात, तशीच घरातली गेलेली माणसंही. पहिली बायको मेलेल्या माणसानं दुसरी केली, तर नवरीनं आधी सवतीचा टाक गळ्यात घालायचा. तिला लुगडं-चोळी दाखवायची, तिची परवानगी मागायची, आणि मगच हळदीला बसायचं. त्या दिवसापासून सवतीचं माहेर ते नवरीचं माहेर, आणि सवतीची आई ती तिचीही आई. टाकावर हात ठेवून खोटं बोलायला तर भलेभले कचरत. मेलेलं माणूस ऐकत असतं, अशी सगळ्यांची खात्री होती.

"करते म्या टाक," तुळजाबाई म्हणाली. "पण तुमच्या हाती देणार न्हाई. पोरीच्या गळ्यात म्याच घालीन."

एवढ्या सहज काम होईल असं द्वारकाबाईला वाटलं नव्हतं. ती चहालाही थांबली नाही.

गाडी गेल्यावर तुळजाबाईनं निखाऱ्यांवर राख ओढली. भादव्यात सोनूला आडातून काढलं, तेव्हा तिचा डावा हात कोपराच्या वर वाकडा होता. पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब घोड्यावरून आले, आडात डोकावले, उर्दूत कागद लिहिला आणि निघून गेले. पाय घसरून पडली, पडताना हात मोडला, असं द्वारकाबाईनं सांगितलं आणि तेच कागदावर चढलं.

पण तो हात आडात मोडला नव्हता. महिनाभर आधी, नागपंचमीला सोनू माहेरी आली होती तेव्हाच तो मोडून वाकडा जुळलेला होता. झोका खेळायला बायका बोलवायला आल्या, तर ही उठेना. तुळजाबाईनं बाही वर सारून बघितलं होतं. "मला धाडू नको, आई," सोनू म्हणाली होती. आणि तुळजाबाई म्हणाली होती, "अगं, माणसं काय म्हणतील? सासू आज हाय, उद्या न्हाई. जा माय." जाताना वर डब्यात अनारसे बांधून दिले होते.

ते अनारसे तिला आठवले की हातातलं काम तसंच राहत असे.

टाक करायला ठसे असतात. पितळेच्या ठशावर पत्रा ठेवायचा, ठोकायचा, की सवाष्ण तयार. सगळ्या मेलेल्या बायका एकसारख्या. पण हे घर ठशाचं नव्हतं. तुळजाबाईचा नवरा होता तेव्हा लोक परतूरहून इथं घडवायला येत, ते त्याच्या पानाफुलांसाठी. करडईच्या बोंडासारख्या बुगड्या, जोंधळ्याच्या दाण्यांची पोत, चिंचेच्या पाल्याचे झुबे. घरातल्या प्रत्येक बाईला त्यानं एकेक झाड वाटून दिलं होतं. त्याच्या आईला जोंधळा, बायकोला चिंच, आणि लेकीला तरवड, कारण सोनू लहानपणी रानातून येताना तरवडीची पिवळी फुलं ओच्यात भरून आणायची. "बाबा, ह्याचं कर!" आणि तो खरंच करायचा. पाकळीची शीर न् शीर. तो गेल्यावर तुळजाबाईनंच हातोडी धरली. बाईमाणूस एरणीवर बसते म्हणून गाव चार दिवस हसलं, मग मुकाट्यानं तिच्याकडंच घडवायला लागलं.

तिनं राळ तापवून पाटावर ओतली. राळ आळायला लागल्यावर तीत पत्रा बसवला आणि बारक्या खिळ्यानं हळूहळू उठाव घ्यायला लागली. बाहेर शाळू हुरड्यात आला होता. काळ्या रानावरून गार वारा सुटला होता आणि राखण करणाऱ्यांचे हाकारे घरात ऐकू येत होते. नाक आलं, वरचा रुंद ओठ आला. केसांत तरवडीचं फूल आलं. उजवा हात आला, सरळ, बांगड्यांसकट. डाव्या हाताशी ती थांबली. पत्रा काढून पुन्हा तापवला, पुन्हा राळेवर बसवला. असं तीनदा केलं. चौथ्या दिवशी रिठ्याच्या पाण्यात टाक उजळला, तेव्हा सोनू तिच्याकडं बघत होती. डावा हात कोपराच्या वर वाकडा होता.

"चल," तुळजाबाई तिला म्हणाली. "आता कुणाला काय सांगायचं ते तूच सांग."

घनसावंगीला ती हळदीच्या आदल्या दिवशीच पोचली. हळदीच्या सकाळी अंबडची माणसं आली, मांडवात पाट मांडला, पाटावर तांदूळ, तांदळावर टाक. नवरी गोपिका समोर येऊन बसली. सतरा वर्षांची, सावळी, चटपटीत डोळ्यांची पोर. तिनं आधी तुळजाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आई, आता तुम्हीबी माह्या आईच."

 तुळजाबाईनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

गोपिकानं लुगडं-चोळी टाकासमोर ठेवली आणि वाकून बघितलं. मग आणखी वाकली.

"आई, ह्यांचा हात असा का?"

मांडवातल्या बायका पुढं सरकल्या. द्वारकाबाई घाईनं मधे आली.

"म्हातारीला दिसत न्हाई, बाई! साठी उलटली. चुकला हात तिचा. घाल गं पोरी गळ्यात, वेळ चाललीय."

"थांबा," पुंजाराम म्हणाला. नवरीचा बाप असला तरी तो आधी सोनार होता. त्यानं टाक उचलला, मांडवाबाहेर उन्हात नेला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. परत आला तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता.

"हा हात चुकल्याला न्हाई. इथं पत्रा तीनदा तापवलाय. हे नाक बघा, हे केसातलं फूल बघा, केसाइतकी चूक न्हाई. असं काम करणारीचा हात एकाच जागी चुकतो व्हय? हे ठरवून केलंय." तो तुळजाबाईकडं वळला. "का केलंय, बाई?"

"जशी व्हती तशी केली."

"आडात पडताना मोडला तो!" द्वारकाबाई ओरडली. "अमीनसाहेबांनी लिव्हलंय!"

"मंग सोपं हाय," तुळजाबाई म्हणाली. "बिलकुल सोपं हाय. जावईबापू, या. तिच्यावर हात ठेवा आन म्हणा, आडात पडायच्या आधी हिचा हात सरळ व्हता. म्या इथंच एरण मांडते आन सरळ हाताचा दुसरा टाक करून देते. हळद आजच लागंल."

भुजंग मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. सगळ्यांचे डोळे त्याच्याकडं गेले. तो दोन पावलं पुढं आला. हात पुढं केला. टाकावर चार बोटांच्या अंतरावर तो हात थांबला.

"ठेव की रं!" कुणीतरी मागून म्हणालं.

भुजंगानं आईकडं बघितलं. लेकाचं तोंड बघून द्वारकाबाईचा धीर सुटला. तिनं त्याचा हात बाजूला ढकलला आणि स्वतःचा तळवा टाकावर दाबला.

"त्यानं न्हाई! म्या मोडला! चुलीतल्या लाकडानं म्या मारलं. माह्या लेकराचा काही दोष न्हाई, पुंजारामभाऊ. लगीन मोडू नका."

 मग गोपिका पाटावरून उठली आणि तिनं हातातला हिरवा चुडा उतरवायला घेतला.

"अगं, पोराचा दोष न्हाई म्हणते ना ती," एक म्हातारी कुजबुजली.

"मंग?" गोपिका म्हणाली. "सासू तर हीच राहणार की!"

अंबडची गाडी गेली तेव्हा सोनारांची पंधरा घरं रस्त्यावर उभी राहून बघत होती. कुणी शिव्या दिल्या नाहीत, कुणी राम राम केला नाही. परतूरपासून परभणीपर्यंत आता या पोराला कोण पोरगी देतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. तुळजाबाई गाडीची धूळ बसेपर्यंत उभी राहिली. पाच महिने तिनं या धुळीची वाट बघितली होती.

गोपिकाची आई आसराबाई रडत आली आणि पायाला हात लावायला लागली. "माही पोर वाचवली, बाई तुम्ही."

"पाय धरू नका." तुळजाबाईनं पाय मागं घेतले. ती पाटापाशी बसली आणि सगळ्यांसमोर टाकावर हात ठेवला. "नागपंचमीला माही पोर असा हात घेऊन माहेरी आल्ती. धाडू नको म्हणली. म्या बघितलं व्हतं सगळं. तरी धाडली. अनारसे देऊन धाडली. तिला एकट्या द्वारकानं न्हाई मारलं."

 आसराबाईनं डोळे पुसले आणि नवऱ्याकडं वळली.

"आपली थोरली दोन वर्सं माहेरी आली न्हाई."

"सासूला बरं न्हाई म्हणून धाडत न्हाईत. सांगावा आल्ता की."

"सांगावा आल्ता. पोरगी न्हाई आली. दोन कोसांवर तर गाव हाय. बैल जुंपा."

"आत्ता? मांडवात पाहुणे बसलेत..."

"जेवतील पाहुणे. बैल जुंपा म्हणते ना!"

पुंजाराम मुकाट्यानं गोठ्याकडं गेला. तुळजाबाईनं टाक कापडात गुंडाळून कमरेला खोचला आणि लुगडं झटकून उठली.

"म्याबी येते."

"तुम्ही कशाला, बाई? दमल्या असाल."

"हात ठेवायला टाक लागंल की."

गाडी गावाबाहेर पडली. दोन्ही बाजूंना शाळूची कणसं वाऱ्यावर डुलत होती. तुळजाबाई चाकाजवळ सरकून नीट बसली आणि तिनं आसराबाईला विचारलं, "पोरीला सासरा हाय का, का नुसती सासूच?"