हीराबाईची शंका

हीराबाईनं पाणी गाळायचं फडकं उलटं केलं, त्यावर गाळलेलंच पाणी ओतलं आणि फडक्यात अडकलेले, डोळ्यांना न दिसणारे जीव छोट्या बादलीत उतरवले. मग दोन दोऱ्यांची ती बादली विहिरीत सोडली. पाण्याला टेकल्यावरच दुसरी दोरी ओढून ती पालथी केली, कारण वरून ओतलं तर जिवांना मार लागतो. शिरपूरच्या इतर जैन घरांत हे काम सुना करत. पण हीराबाईचा या बाबतीत सुनांवर काय, मंदिराच्या पुजाऱ्यावरही भरवसा नव्हता.

अजितकुमार, तिचा धाकटा, काठावर उभा होता. नागपूरला तो जंतूंवर संशोधन करत होता. अनंत चतुर्दशीचा उपवास माय उद्या त्याच्या हातच्या पाण्यानं सोडणार, म्हणून एस.टी.नं मुद्दाम आला होता.

"मले एक सांग," हीराबाई दोरी गुंडाळत म्हणाली, "तू तिथं नेमकं काय करून राह्यला?"

कुणी विचारायचाच अवकाश, तो सांगत सुटला. जंतूंच्या अंगाची साल सुटते, तिचे बारीक बुडबुडे होतात. जंतू भराभर वाढतात तेव्हाचे बुडबुडे वेगळे, वाढ थांबून ते म्हातारे झाले की वेगळे. आकार बदलतो, आतला माल बदलतो. हे कसं होतं, तेच तो शोधत होता.

"ते बुडबुडे जिते असतात?"

"नाई माय. नुसती साल."

"आन् जंतू?"

"ते जिते. आमी पयले त्याइले बाजूले काढतो. राह्यलेल्या पान्यात बुडबुडे सापडतात."

"म्हंजे गाळता!" हीराबाई एकदम खूश झाली. "मंग त्या जंतूंचं काय करता?"

वाफेच्या बंद भांड्यात घालून मारत. टाकण्याआधी मारायचेच, हा प्रयोगशाळेचा पहिला नियम होता आणि अजितकुमार तो डोळ्यांत तेल घालून पाळायचा. एका बाटलीत जितके मरत, तितकी माणसं साऱ्या दुनियेत नव्हती. त्यानं सांगायला तोंड उघडलं. पण माय सकाळपासून निर्जळी होती आणि खरं कळलं तर ती त्याच्या हातचं पाणी घेणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"परत सोडतो," तो म्हणाला. "पान्यात. जिते."

सकाळी पारण्याला आळीतल्या बायका जमल्या. अजितकुमारनं मायच्या ओंजळीत पाणी घातलं, ती डोळे मिटून प्याली आणि शेजारच्या अंगुरीबाईकडे वळली.

"माहा पोरगा जंतू गाळून परत पान्यात सोडते, बरं!"

"एवढा शिकला, पन धरम नाई सोडला पोट्ट्यानं," अंगुरीबाई म्हणाली. बाकीच्यांनी कौतुकानं माना डोलावल्या. अजितकुमारला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी सांगू, असं त्यानं ठरवलं, आणि संध्याकाळी ठरवलं की उद्या.

उद्या क्षमावाणी होती. वर्षभरात ज्याला दुखावलं त्याच्यापुढे, लहानथोर न बघता, हात जोडायचे. याहून सोयीचा दिवस साऱ्या वर्षात नव्हता. मंदिराच्या मंडपात गर्दीतून वाट काढत तो मायपुढे गेला. तो बोलण्याआधी तिनंच हात जोडले आणि चक्क त्याच्यापुढे वाकली.

"तुही क्षमा मांगते, बाप्पा. माहा पोरगा जीव मारते, अशी शंका मनात धरून होती. परवापावतर तुले इचारलं बी नाई. तू नागपूरले गेला तवापासून, तुहं पाप फिटावं म्हनून म्या दही सोडलं होतं." ती लाजून हसली. "काल खाल्लं."

मागे माणसं खोळंबली होती. समोरच्यानं क्षमा केल्याशिवाय जोडलेले हात खाली घ्यायचे नसतात. हीराबाई तशीच थांबली होती.

"केली, माय," अजितकुमार म्हणाला.